फुलाच्या गाण्याला हूं

एका राज्याचं गाणं मी चौदाव्या वर्षी बंद पाडलं होतं.

ज्या मैत्रिणीनं ते पुन्हा सुरू केलं, ती फुला आज सकाळी गेली.

गोष्ट एकोणीसशे सत्तावनची असावी. आम्ही कारंजा घाडग्याला राहायचो, वडील पोस्टात. फुला माझ्या वर्गात. तिचे वडील देवाजीकाका परधान, म्हणजे गोंडांच्या घरोघरी जाऊन त्यांच्या राजांची गाणी म्हणणारे. हातात तीन तारांची किंगरी.

आपला जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. गुरुजींनी भिंतीवरचा जुना नकाशा उतरवून कपाटावर टाकला आणि म्हणाले, "राज्यं अशीच जातात. काव्यात तेवढी उरतात. आपल्या भागातल्या एखाद्या बुडालेल्या राज्याचं काव्य लिहून आणा."

बाकीच्यांनी पुस्तकं उघडली.
मी जास्त हुशार ना! दोनशेपानी वही घेऊन थेट फुलाच्या घरी.

काकांनी हसत किंगरी जुळवली. गाणं गोंडीत. एक तुकडा म्हणायचे, मग मला वऱ्हाडीत अर्थ सांगायचे. राजा कसा जन्मला, गड कसा उभा राहिला, गडावर कोण कोण जेवून गेलं.

फुलानं आधीच बजावलं होतं.
"दर तुकड्याले हूं म्हनजो. हूं नाई आलं त गानारा समजते, ऐकनारा उठून गेला."

पहिली दोन पानं मी इमानदारीत हूं हूं केलं. मग गडाला वेढा पडला. काका भरभर म्हणायला लागले आणि मी मान खाली घालून लिहीत सुटले. एकही शब्द सुटू नये म्हणून.

किंगरी थांबली.

वर पाहिलं तर काका ती कापडात गुंडाळत होते.

"काका, काऊन थांबले?"

"हूं कोनी म्हनलं नाई."

"मी लिहून राह्यली होती ना!"

"वहीले कान नाई रायत, माय." रागावले नव्हते, तेच मला जास्त लागलं. "अन् मधात तुटलं गानं तोच मानूस पुन्हा धरत नाई. आमच्या घरची रीत हाय. आता दुसऱ्यानं धरलं त धरलं."

दुसरं होतं कोण? काकांना मुलगा नव्हता. पोरींनी किंगरीला हात लावायचा नाही. म्हणजे इतक्या पिढ्या चालत आलेलं गाणं माझ्या होमवर्कपायी संपलं.
मी रडायलाच लागले.

फुला ओसरीवर तूर पाखडत होती. सूप ठेवून उठली, परकराला हात पुसले, कापड सोडलं आणि किंगरी घेऊन बसली. वाजवता कुठं येत होती? एकच तार करकरत होती. पण शब्द सगळे पाठ. वेढ्यापासून तिनं गाणं धरलं.

काका कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता पोरीला एक ठेवून देणार.

"हूं," काका म्हणाले.

मग मी पेन्सिल उचललीच नाही. गड पडला, राजा गेला, आणि गाणं फिरून पुन्हा राजाच्या जन्मापाशी आलं. वहीत हे काहीच नव्हतं. गुरुजींनी "अपूर्ण" असा शेरा मारला. पुढे ती वही वाळवीनं खाल्ली.

मी लग्न होऊन इकडे सिंदी मेघेला आले. फुला तिथंच राहिली. लोकांनी नावं ठेवली तरी किंगरी शिकली, घरोघरी गायली.

गेली काही वर्षं तिला फिरणं होईना. म्हणून दर रविवारी फोन.
"नले, बसली का व?"
ती गायची. मी स्पीकर लावून भाजी निवडत हूं म्हणायची. एकदा डुलकीत माझं हूं जरा उशिरा आलं, तर बाईनं आठवडाभर अबोला धरला.

गेल्या रविवारी आवाज फार बारीक होता. वेढ्यापाशी आली आणि थांबली. मी हूं म्हटलं. पुन्हा म्हटलं.

"मधात तुटलं व," ती म्हणाली. "पाहू आता कोन धरते."

आज सकाळी तिच्या नातीचा फोन. "आजी गेली." खूप वाईट वाटत होतं, अजूनही वाटतंय.

पोरगी म्हणाली, "तुमी फोन ठेवू नका. मले वेढ्यापासून थोडंसंच येते. म्हनू?"

मी भाजीचं ताट बाजूला सारलं.

"हूं," म्हणाले.

फुला, निवांत जा. पोरीनं धरलं आहे.
मी ऐकून राह्यली.