चाळीस पानी पाठकोरी वही

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी कुणी न विचारताही सांगते. बायोडेटातली शेवटची ओळही तीच होती. नोकरी शोधताना त्याच्या ढीगभर प्रती काढून ठेवल्या होत्या. सॉल्ट लेकमधल्या ऑफिसने पहिल्याच प्रतीवर घेतलं आणि उरलेल्या चाळीस बालीगंजच्या फ्लॅटमध्ये कपाटात पडून राहिल्या. टाकवल्या नाहीत. स्वतःची पदवी रद्दीत कोण घालतं?

मग लेकीच्या शाळेतून चिठ्ठी आली. टाकाऊ कागदाची वही हाताने करून आणा, प्रदर्शन आहे. मला हसूच आलं. लहानपणी मी दुसरी वही वापरलीच नव्हती. वडील तहसील कचेरीत शिपाई. तिथले पाठकोरे कागद ते घरी आणायचे आणि दाभणाने शिवून द्यायचे. गुरुजींनी एकदा ती वही वर्गात उंच धरली. "ही वही म्हणायची की रद्दी?" तेव्हापासून दहावीपर्यंत माझं नावच रद्दी पडलं. आता तीच वस्तू शाळा इंग्रजीतून मागत होती.

"पाठकोरं म्हणजे?" लेकीने विचारलं. ती इथेच, बंगालात वाढलेली. तिचं मराठी जेवण आणि आंघोळ यांपुरतं.

"एका अंगाला छापलेलं, पाठ कोरी."

कपाटातल्या चाळीस प्रती काढल्या, तिच्या कंपासमधल्या कर्कटकाने भोकं पाडली, जाड दोरा ओवला, कणकेची खळ शिजवली आणि संदेश मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा वर चिकटवला. उघडली की डावीकडे मी, उजवीकडे कोरं पान. वडिलांच्या हातची वाटावी अशी झाली.

"आई, बाकीच्या मुली दुकानातली हँडमेड आणणार आहेत. सुकवलेली फुलं लावलेली."

"दुकानातली, आणि हँडमेड?"

"मला हसतील ना पण."

वही तिच्या दप्तरात घातली आणि दिवसभर ऑफिसात गुरुजींचा वर केलेला हात दिसत राहिला.

शनिवारी प्रदर्शनाला गेले, तर वह्यांच्या टेबलावर आमची वही नाहीच. तेवढ्यात वर्गाच्या मॅडमच ती हातात घेऊन आल्या. झालं होतं असं, की त्यांनी "हे काय?" विचारलं आणि लेक म्हणाली, "वही." बंगालीत पुस्तकाला म्हणतात 'बोई'. मॅडमनी तेच ऐकलं आणि पुस्तक म्हणून वाचायला घेतलं. वर्गात कुणी हसलं नव्हतं. पुस्तकाला कोण हसतं?

"आपकी किताब देखी," त्या मला हिंदीत म्हणाल्या. "अच्छी है. मगर हर पन्ने पर वही है."

"वहीच आहे ती," माझ्या तोंडून मराठीच निघालं.

"हाँ, वही तो मैं कह रही हूँ."

शेवटची ओळ मात्र त्यांना फार आवडली होती. चाळीस वेळा वाचली म्हणे. पुस्तक शाळेच्या लायब्ररीत ठेवू का, असंही विचारलं. माझी छाती फुगली. आमच्या घराण्यातलं पहिलं पुस्तक, थेट लायब्ररीत! मी हो म्हणणार, तोच लेकीने ते मॅडमच्या हातून ओढून घेतलं.

"नाही द्यायचा. माझा वही आहे. अजून कोरा आहे."

"माझा नाही, माझी," मी सवयीने सुधारलं.

"तुझी नाही," वही पोटाशी धरून ती म्हणाली. "माझी."