अर्धी रिकामी बॅग

पलंगावर उघडी बॅग पडली आहे आणि ती चक्क अर्धी रिकामी आहे. माझ्या दोन साड्या, ह्यांचे दोन शर्ट, संपलं सामान. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण चिपळूणहून मुंबईला निघालेली आमची बॅग इतकी हलकी मी कधी पाहिली नव्हती. दर वेळी तिच्यात कुळथाचं पीठ, आमसुलं, फणसपोळी कोंबलेली असायची, कारण मुक्काम ठरलेला, दादरला नणंदेकडे. तिथे माया भरपूर, जागा कमी. हे बाहेर पुरुषांच्या रांगेत झोपायचे, मी आत बायकांच्या. दिवस नातेवाइकांकडे चहा पिण्यात जायचा. मुंबईचा समुद्र आम्ही दोघांनी मिळून कधी पाहिलाच नाही.

या शनिवार-रविवारसाठी मी हॉटेलात समुद्राकडे खिडकी असलेली खोली घेतली आहे.

सकाळीच वन्संचा फोन आला. "घर असताना हॉटेलात? लोक काय म्हणतील, वहिनी?"

"सांगा त्यांना, नवराबायको फिरायला आलेत." इतकं सरळ बोलून गेले, याचं मलाच नवल वाटलं.

आपल्याकडे जोडप्याला कुठे जायचं तर बारसं लागतं, लग्न लागतं, निदान एखादा मोठा डॉक्टर तरी लागतो. नुसतं एकमेकांसाठी गेलं की चोरी केल्यासारखं. का म्हणून?

आत्ता हे आले आणि सवयीने आमसुलांची पिशवी बॅगेत ठेवायला लागले. मी ती काढून परत फडताळात ठेवली.

"मग ही एवढी जागा?" ह्यांनी विचारलं.

"ती आपली आहे," मी म्हटलं आणि चेन ओढली.