पिवळ्या पट्ट्यांतले काका

पक्षाघातातून सावरलेले कुरुळीचे एक काका कंपनीचा शर्ट घालूनच आमच्या फिजिओथेरपी विभागात आले. चालताना डोकंही चालतं का, हे मला तपासायचं होतं. त्यावरूनच डॉक्टर त्यांना कामावर जाऊ देणार होते.

"फरशीवरच्या या पिवळ्या पट्ट्यांमधून चालत भाज्यांची नावं सांगा," मी म्हणालो.

काका थांबले, "मेथी" म्हणाले, मग चालले. पुन्हा थांबले. "गवार." मी जड मनानं 'नापास' लिहिलं.

"काका, चालता चालता नाही का जमत?"

"जमतं की. पण कंपनीत चालायची वाट अशाच पिवळ्या पट्ट्यांची; तिथं बोलत चाललं की मेमो मिळतो. मला अजून एकबी न्हाई."

मी त्यांना बिनपट्ट्यांच्या व्हरांड्यात नेलं. तिथं ते न थांबता भाज्या सांगत सुटले. 'नापास' खोडून मागोमाग लिहीत जाताना मीच कुंडीला अडखळलो.

काका वळून म्हणाले, "पोरा, एक कायतरी कर. चाल, न्हाईतर लिही."