मागची ओळ झाकून

मी नॉर्वेला निघाले त्या दिवशी कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत फ्लेक्स लागला होता. मधोमध माझा दहावीतला फोटो, एका बाजूला पांढरं अस्वल आणि दुसऱ्या बाजूला पेंग्विन. पेंग्विन उत्तर ध्रुवाकडे नसतात, हे मी बाबांच्या कानात सांगितलं. ते म्हणाले, "राहू दे वं. हौसेनं छापला त्याईनं." विहाराच्या आवारात, मे महिन्याच्या दुपारी, तीन भाषणं झाली. एका वक्त्याने मी ध्रुवावरचा बर्फ वाचवायला चालले असल्याचं जाहीर केलं. मी फक्त मोजायला चालले होते. पण अंगावर शाल असताना माणूस दुरुस्त्या सुचवत नाही.

बाबांच्या निवृत्तीला तेव्हा काही महिने उरले होते. बाप कोळसा जाळतो आणि पोरगी बर्फ मोजते, हा विनोद त्याच दुपारी कुणीतरी करून टाकला, त्यामुळे माझे श्रम वाचले. खरं तर बाबा काही जाळत नसत. वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये ते दर तासाला काट्यांची रीडिंग लॉगबुकात लिहीत. नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचे: लिहिताना वरची, म्हणजे मागच्या तासाची ओळ डाव्या हाताने झाकायची. ती दिसली की डोळा काट्याकडे जातच नाही, हात आपोआप तोच आकडा उतरवतो. गाडीत बसताना आईने लोणच्याच्या बरणीबद्दल बऱ्याच सूचना दिल्या. बाबांनी एकच दिली. "मागची ओळ झाकूनच लिवजो."

ट्रॉम्सो शहरातलं माझं काम सांगायला सोपं आहे. उपग्रहाची रडार चित्रं येतात, त्यांवर समुद्रातला बर्फ कुठे संपतो ती कड आखायची. जहाजं त्या नकाशावर चालतात. रोज पाहणाऱ्याला बर्फ कमी होताना दिसत नाही. वारा फिरला की कड एका दिवसात पुढे येते, दुसऱ्या दिवशी मागे जाते. पण वर्षावर्षांचे सप्टेंबरचे, म्हणजे बर्फ सर्वांत कमी असतानाचे, नकाशे एकावर एक ठेवले की काय चाललंय ते कळतं, आणि मग त्यावर भाषणाची गरज उरत नाही.

आमच्या पडद्यावर कालची रेघ राखाडी रंगात आधीच आखलेली येते. सोय म्हणून. पहिल्या हिवाळ्यात एका भागाचं चित्र आलं नाही, तेव्हा मी ती राखाडी रेघ तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी चित्र आलं. बर्फ कितीतरी पुढे सरकला होता. सुदैवाने तिकडे जहाज नव्हतं. माझी वरिष्ठ रागावली नाही. पुढच्या वेळी 'माहीत नाही' असं लिही, एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून मी राखाडी रेघ बंद करून काम करते. सोबतच्यांना तो भारतीय विक्षिप्तपणा वाटतो. डब्यात ब्राऊन चीज लावलेल्या ब्रेडसोबत मी लोणचं खाते, त्याच खात्यात त्यांनी हेही टाकलं आहे.

कॉलनीतल्या मित्रमैत्रिणींनो, तुम्ही जे तिथेच राहिलात आणि जे पुण्याला, दुबईला पांगलात, त्या सगळ्यांना रविवारचा फोन माहीत आहे. मी बीपी विचारायची. बाबा वही उघडून आकडा वाचायचे. आकडा चांगला असायचा. मग आम्ही हवामानावर बोलायचो.

गेल्या डिसेंबरात मी अडीच वर्षांनी घरी गेले. ज्या क्वार्टरमध्ये मी वाढले तिथे आता दुसऱ्यांचे कपडे वाळत होते. निवृत्तीनंतर बाबांनी कोराडी गावातच घर घेतलं आहे. तिथे हिवाळ्यापुरता कूलर झाकून ठेवला होता, माझ्याच फ्लेक्सने. अस्वल उन्हाने विटून गेलं होतं, पेंग्विन शाबूत होता. बाबा माझी बॅग घ्यायला फाटकापर्यंत आले आणि परत जाताना अर्ध्या वाटेत भिंत धरून थांबले. आई रोज पाहते म्हणून तिला ते दिसलं नव्हतं. मला फोनवर फक्त चेहरा दिसायचा.

संध्याकाळी मी टीव्हीजवळची वही उघडली. तारखा बदलत होत्या, आकडा बदलत नव्हता. पानंच्या पानं, सुबक अक्षरात, एकच आकडा. बीपीचं मशीन कपाटात होतं, त्यातले सेल फुटून पांढरे झाले होते.

"बाबा, हे काय होय?"

त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. "आकडा वाढूनच राह्यला होता. खरा सांगतला असता तं तू आली असती निघून."

"मंग? आली असती."

"मंग तिकडचा बर्फ कोनं पाह्यला असता?"

आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अन् मले बी ठीकच सांगे हा माणूस."

मी रागावणार होते. पण मी तरी दर रविवारी काय केलं होतं? मागच्या रविवारचा प्रश्न विचारला, मागच्या रविवारचं उत्तर घेतलं आणि फोन ठेवला. माझी राखाडी रेघ चालूच होती.

दुसऱ्या दिवशी नागपूरला डॉक्टरांकडे गेलो. गोळ्या बदलल्या, मशीनला सेल आणले. नोकरी सोडून यायचा विषय मी एकदाच काढला; बाबा त्या दिवशी माझ्याशी बोललेच नाहीत. जानेवारीत मी परत आले.

घर कुठे, असं इथे कुणी विचारलं तर मी अजून कोराडीच सांगते. पण आता फोनवर त्या घरातला बाबांचा चेहरा मला आधी दिसत नाही. रविवारी फोन लागला की कॅमेऱ्यापुढे पहिल्यांदा मशीन येतं, त्यावरचा हलणारा आकडा. परवाचा आकडा चांगला नव्हता. तरी त्यांनी तो दाखवला, मी वाचेपर्यंत धरून ठेवला.

मग म्हणाले, "आता तुहा आकडा सांग."

मी त्या दिवशीचा बर्फ सांगितला. कमी होता. वहीत त्यांनी शेजारी माझ्यासाठी रकाना आखला आहे. ते लिहीत होते तेवढा वेळ फोन टेबलावर टेकवलेला होता आणि मला फक्त त्यांचा डावा हात दिसत होता, वरच्या ओळीवर ठेवलेला.