गजभिये मिस्त्रीचे कान आणि भुयारातली बेअरिंगं

पांढुर्ण्याच्या जिनिंगमधले आम्ही जुने लोक आता वर्षातून एखाद्या लग्नातच भेटतो. पंगत बसेपर्यंत वेळ काढायचा म्हणून कोणीतरी एक किस्सा सांगतो, दुसरा म्हणतो "तसं नाही, असं झालं होतं", आणि एका किश्श्याचे दोन होतात! असे जमत जमत माझ्याकडे पोतंभर झालेत. त्यातले बहुतेक बेअरिंगचे, आणि बेअरिंगचे म्हणजे गजभिये मिस्त्रीचेच.

ऐंशीच्या दशकात मी तिथं फिटर होतो आणि गजभिये मिस्त्री हेड फिटर. कापसातून सरकी काढणाऱ्या मशिनी वर, आणि त्या सगळ्यांना पट्ट्यांनी फिरवणारा लांबलचक लाइन शाफ्ट खाली भुयारात. शाफ्टला जागोजागी बेअरिंगचा आधार. मिस्त्री लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक बेअरिंगच्या बैठकीला टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. धड बेअरिंग एका सुरात घूं करत राहतं. बिघडलेलं मध्येच कर्र करतं. कुठलं किती दिवस चालेल हे मिस्त्री तिथल्या तिथं सांगायचे, आणि ते तेवढंच चालायचं.

पण तीस वर्षं त्या गोंगाटात काढल्यावर त्यांचे कान जायला लागले. हे फक्त मला आणि ऑइलमन सुखदेवला माहीत होतं. हेड फिटरचे कान गेले की त्याला गेटवर स्टूल देऊन बसवायचं, असा आमच्याकडे रिवाज होता. आधीच्या हेड फिटरला त्या स्टुलावर माश्या मारत बसलेलं मिस्त्रीनी पाहिलं होतं, आणि त्या स्टुलाची त्यांना फार धास्ती होती.

*

पण सुरुवात माझ्या फजितीपासून करतो, म्हणजे नंतर दुसऱ्यांची सांगायला मोकळा.

मी नवा होतो. रॉकेलमध्ये बेअरिंग धूत होतो. आतली रेस, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात ते कडं, जरा तिरपी झाली आणि तीन-चार छर्रे टपटप खाली पडले. बाकीचे सापडले, एक नालीत गेला. मी इकडेतिकडे पाहिलं, भंगारच्या डब्यातून तसाच एक छर्रा उचलला आणि दाबून बसवला. बेअरिंग हातानं फिरवलं तर झकास फिरलं!

मिस्त्रीनी ते दोन बोटांत धरून एकदाच फिरवलं. "कोनाचा छर्रा टाकला बे याच्यात?"

मी पायानं भंगारचा डबा मागे सरकवला.

"हा एक केसाएवढा मोठा हाय. आता सगळं वजन हा एकटाच उचलून राहिला, बाकीचे नुसते फिरायले येऊन राहिले. पयले हा मरन, मंग याचा चुरा बाकीच्यायले मारन."

मी नालीत हात घालून दुपारभर तो छर्रा शोधला. संध्याकाळी सापडला. धावत नेऊन दाखवला.

मिस्त्रीनी तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "रेतीनं ओरखडा पडला याले. फेकून दे."

*

सुखदेवचा जीव बेअरिंगांवर. रोज ग्रीस देताना त्यांच्याशी बोलायचा. बहिणीच्या लग्नासाठी तो चार दिवस सौंसरला जाणार होता. मागे आपली बेअरिंगं उपाशी राहतील म्हणून त्यानं जाण्याआधी एकेका बैठकीत मावेल तेवढं ग्रीस ठासून भरलं. खरं तर एक तृतीयांश जागा भरली की पुरे. जास्त भरलं तर छर्रे ते नुसतं घुसळत बसतात आणि गरम होतात. दुसऱ्याच दिवशी बैठकीवर हात ठेववेना. मी आणि मिस्त्रीनी शाफ्ट बंद करून सगळं ग्रीस बोटांनी उपसलं.

सुखदेव हळद लागलेला सदरा घालून परत आला. मिस्त्रीनी त्याला जवळ बसवलं.

"सौंसरले पंगतीत दाबून जेवला असशीन?"

"हो ना मिस्त्री. जिलबी होती."

"मंग जेवल्यावर पळाला काय?"

"नाही बा. आडवा झालो."

"आन माह्या बेअरिंगायनं जेवून दिवसभर पळायचं!"

*

स्टोअरकीपर तिवारीजींची वेगळीच तऱ्हा. बेअरिंगवरच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे पाचनं गुणले की आतल्या भोकाचं माप मिळतं, हे त्यांना मिस्त्रीनीच कधीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून ते स्वतःला अर्धे इंजिनियर समजत.

मिस्त्री रजेवर असताना शाफ्टचं एक बेअरिंग गेलं. हवं होतं बारा-दहा नंबरचं, ते संपलेलं. तिवारीजींनी बासष्ट-दहा काढून दिलं. "देखो भाऊ, दोन्हीत दहा. भोक पन्नास, बाहेरून नव्वद, जाडी वीस. नाप एकदम बराबर आहे." मी मोजून पाहिलं तर खरंच बरोबर. बसलंही अगदी अंगच्या मापाचं.

आठव्या दिवशी ते किंचाळायला लागलं. तोवर मिस्त्री आले होते. त्यांनी दोन्ही नंबरांची बेअरिंगं तिवारीजींच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. बारा-दहामध्ये छर्र्यांच्या दोन रांगा, आणि बाहेरची रेस आतून वाटीसारखी गोलसर. शाफ्ट जरा झुकला तर आतला भागही त्याच्याबरोबर झुकतो. बासष्ट-दहामध्ये एकच रांग, खोल खाचेत घट्ट बसलेली. वजन घ्यायला ते पक्कं, पण झुकणार नाही. आमचा शाफ्ट जुना, जागोजागी झोळ पडलेला. त्याला न झुकणारं कसं चालणार?

"तिवारीजी," मिस्त्री म्हणाले, "नाप एक हाय, सोभाव येगळा हाय."

तिवारीजींनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये गेलो तर बेअरिंगच्या कपाटावर खडूनं लिहिलेलं होतं: स्वभाव पाहून देणे.

*

मोहगावचे एक पाटील रबरी टायरच्या बैलगाडीतून कापूस घेऊन यायचे. एकदा आले ते वैतागूनच. डावीकडचा बैल कामातून गेला म्हणाले. घाम गाळतो, फेस काढतो, पण ओढत नाही. सौंसरच्या बाजारात विकून टाकायचा विचार होता. बैलाच्या पाठीवर तुतारीच्या, म्हणजे आर लावलेल्या काठीच्या, खुणा होत्या.

मिस्त्रीनी बैलाकडे पाहिलं आणि सरळ गाडीखाली जॅक लावला. डावं चाक उचलून हातानं फिरवलं, तर हलेना! त्या चाकात टेपर बेअरिंग असतं. छर्र्यांऐवजी एका टोकाला निमुळते रोलर, वजनही घेतात आणि बाजूचा धक्काही. पण त्याचा नट आवळून किंचित सैल सोडावा लागतो. चाक डुलतं म्हणून पाटलांनी पान्याला पाइप लावून जिवाच्या करारानं तो आवळला होता.

मिस्त्रीनी नट सोडला, बोटाच्या जोरावर पुन्हा लावला आणि चाकाला टिचकी मारली. चाक फिरतच राहिलं. पाटील बघत राहिले.

"बैलाले काही नाही झालं पाटील. तुमचा हात लय जोराचा हाय."

पाटील बैलापाशी गेले आणि कितीतरी वेळ त्याच्या मानेवरून हात फिरवत उभे राहिले.

पुढच्या हंगामात ते टोपलीभर संत्री घेऊन आले. मिस्त्री म्हणाले, कशाला तकलीफ घेतली.

"मी नाही आनली," पाटील म्हणाले. "बैलानं पाठवली."

*

मिस्त्रीच्या कानांचं मला कळलं ते कढईपाशी. मोठं बेअरिंग शाफ्टवर ठोकून बसवायचं नसतं, ठोकलं की छर्र्यांचे रेसवर खड्डे पडतात. आम्ही कढईत तेल तापवून त्यात बेअरिंग बुडवायचो. आतली रेस फुगते आणि बेअरिंग शाफ्टवर लोण्यासारखं सरकतं. बेअरिंग हुकानं वर काढायचं, वर पाण्याचा शिंतोडा टाकायचा, चर्र झालं की तापलं. मिस्त्रीची नजर तेव्हा शाफ्टवर असायची, तो चर्र आवाज ते न बघता कानानंच टिपायचे.

त्या दिवशी त्यांनी शिंतोडा टाकला. चर्र झालं. ते थांबून राहिले. पुन्हा टाकला, पुन्हा चर्र. त्यांनी शाफ्टवरची नजर न काढता विचारलं, "अजून कसं तापून नाही राहिलं बे?"

मी आणि सुखदेवनं एकमेकांकडे पाहिलं. मी म्हटलं, तापलं मिस्त्री. त्यांनी वळून माझ्या ओठांकडे पाहिलं, आणि मग त्यांना समजलं की मला समजलं आहे.

"कोनाले सांगजो नोको," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून कढईपाशी चर्र झालं की मी हात वर करायचो. आम्ही तिघांनी असे दोन हंगाम काढले.

*

आणि मग मालकांच्या नागपूरच्या ऑफिसातून तो तरुण इंजिनियर आला. पांढराशुभ्र शर्ट, हातात छापील फॉर्म. प्रत्येक जुन्या कामगाराचे डोळे, कान, हात तपासून पुढं ठेवायचा की गेटवर बसवायचा, हे त्या फॉर्मवर ठरणार होतं. मॅनेजरनी त्याच्या कानात आधीच काहीतरी घातलं होतं.

तो म्हणाला, भुयारात चला. शाफ्टच्या या टोकाला कुठंतरी आवाज येतोय. कुठलं बेअरिंग ते मिस्त्रींनी सांगावं.

मी तयारीत होतो. सकाळीच पेचकस लावून सगळी ऐकून ठेवली होती. तिसरं खराब होतं. मिस्त्री शाफ्टपाशी बसले तसा मी इंजिनियरच्या मागे उभा राहिलो आणि छातीशी तीन बोटं धरली.

मिस्त्रीनी ती पाहिली आणि तोंड फिरवलं. पेचकसाची लाकडी मूठ धोतराला पुसली आणि दातांत धरली! बेअरिंगची थरथर दातांतून, जबड्याच्या हाडातून थेट आत पोचते, हे मला तेव्हा कुठं माहीत! टोक पहिल्या बैठकीला टेकवलं. मग दुसऱ्या. तिसऱ्यावर जरा थांबले, पुढं सरकले. चौथ्यावर खूप वेळ थांबले. पेचकस तोंडातून काढला आणि चार बोटं वर केली.

मिस्त्री तिसऱ्यावरही थांबले होते, म्हणून इंजिनियरनं शाफ्ट थांबवून तिसरं आणि चौथं दोन्ही उघडायला लावली. तिसरं आरशासारखं स्वच्छ होतं. चौथ्याच्या बाहेरच्या रेसमध्ये, बरोबर जिथं शाफ्टचं वजन येतं तिथं, नखाएवढा टवका उडाला होता.

बेअरिंग बदललं. शाफ्ट सुरू झाला. मिस्त्री पाठमोरे बसून बैठकीचे बोल्ट आवळत होते. इंजिनियर त्यांच्या मागे उभा राहून म्हणाला, "मिस्त्री, किती दिवसांपासून ऐकू येत नाही?"

मिस्त्री बोल्ट आवळत राहिले.

माझ्या तोंडात खोटं उत्तर तयार होतं. इंजिनियरनं हातानंच मला थांबवलं. फॉर्म गुडघ्यावर ठेवला, 'कान' लिहिलेल्या रकान्यात 'उत्तम' असं लिहून सही केली आणि तो घडी करून खिशात घातला. मग वळसा घालून मिस्त्रीच्या समोर जाऊन बसला आणि पेचकसासाठी हात पुढं केला. मूठ त्यानं आपल्या पांढऱ्या शर्टाला पुसली, दातांत धरली आणि टोक पाचव्या बैठकीला टेकवलं.

मिस्त्रीनी त्याची हनुवटी धरून जराशी खाली केली.

"आलं?"

इंजिनियरनं नाही म्हणून मान हलवली.

"डोळे मिटा साहेब," मिस्त्री म्हणाले. "घाई नोको करा."