सुमेधा पावगीचं विमान तापतं तेव्हा

बनारसला रामघाटाच्या वरच्या गल्लीत राहणाऱ्या सुमेधा पावगीला विमान चालवायचा नाद होता. विमान अर्थातच कॉम्प्युटरमधलं. सकाळी मुलींच्या शाळेत गणित शिकवायचं, दुपारी मागचं आवरलं की पडद्यापुढे बसायचं आणि तासभर ढगांत जायचं. चाळिशी उलटलेल्या बाईला हे काय वेड, म्हणून गल्लीत हसू झालं, पण तिनं ते मनाला लावून घेतलं नाही. "कुणी भिशी लावतं, कुणी पत्ते कुटतं. मी विमान उडवते," असं सांगून ती मोकळी होई.

नवरा प्रसन्न रेल्वेत होता. त्याला बायकोचं कौतुकच होतं. तिला धाकधूक वाटे ती सासऱ्यांची. वासुदेवशास्त्री, घरातले नाना, दशाश्वमेधावर यात्रेकरूंची पूजा सांगत. या खेळाबद्दल ते बरं बोलत नसत नि वाईटही नाही. त्या खोलीवरून जाताना नुसती मान खाली घालत. नानांना हे पसंत नाही, असं तिनं धरूनच टाकलं होतं.

नव्व्याण्णव साल लागलं तेव्हा प्रसन्नचा चुलतभाऊ शार्दूल पुण्याहून आला आणि प्रोसेसर नेमल्यापेक्षा जास्त वेगानं पळवायची युक्ती शिकवून गेला. विमानाच्या खिडकीतून दिसणारी शेतं न अडखळता सरकायला लागली. पण जादा वेग म्हणजे जादा ताप. होळीनंतर मशीन मधेच हँग व्हायला लागलं. मशीनमधला पंखा फेकून फेकून खोलीतलीच हवा फेकणार, आणि बनारसच्या उन्हाळ्यात ती हवाच भाजत असते.

मग सुमेधाची नजर कूलरवर गेली. पाणी एवढं थंड करतं तर इथेही करेल. ठठेरी बाजारातल्या काशीनाथ कसेरा या तांबटाकडून तिनं काड्यापेटीएवढी तांब्याची पोकळ डबी करून घेतली. आत पाण्याला नागमोडी वाट, बाजूंना दोन नळ्या. ती प्रोसेसरवर घट्ट बसवली. कूलरचा छोटा पंप बादलीत सोडला. प्रसन्ननं भंगारातून मोटारीचा एक लहान रेडिएटर आणला, त्यावर पंखा लावला. पाणी बादलीतून डबीत जाई, तिथली उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये येई आणि निवून पुन्हा बादलीत पडे. उघडी बादली लवकर आटायची, म्हणून "येता-जाता तेवढं पाणी बघा हं," असं तिनं घरात सांगून ठेवलं. महिनाभर विमान झकास उडालं.

मे महिन्यात लू, तो भाजणारा वारा, सुटली आणि दुखणं परत आलं. विमान उतरायला धावपट्टीसमोर आलं की पडदा जागीच थिजे. मशीन पुन्हा चालू करून पाहावं तर प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा सत्तरच्या पुढे.

"उन्हाळाच आहे, काय करणार," प्रसन्न म्हणाला.

"उन्हाळा खोलीत पंचेचाळीस. हे सत्तर कुठून आलं?"

आधी तिचा संशय डबी आणि प्रोसेसर यांच्यामध्ये उष्णता पोचवायला लावलेल्या पांढऱ्या मलमावर गेला. वाळलं असेल म्हणून खरवडून तिनं नवं लावलं. काही फरक नाही. पंप तर गुरगुरत होता, रेडिएटरचा पंखाही फिरत होता. प्रसन्ननं लस्सीवाल्याकडून बर्फ आणून बादलीत टाकला. पाणी हात बधिर होईल इतकं गार झालं, आकडा मात्र दोन-चारच खाली आला.

सुमेधानं रेडिएटरला हात लावला. खोलीइतकाच, त्याहून जराही गरम नाही. डबीला लावला आणि चटकन मागे घेतला.

"अहो, पाणी गार आहे, पण ते पोचतंच नाहीये!"

मशीन बंद करून तिनं परतीची नळी सोडवली नि पंप लावला. धार यायची तर थेंब थेंब गळायला लागलं. डबी उघडली तेव्हा आतली वाट बारीक करड्या गाळानं गच्च भरलेली. चिमटीत घेतला तर रेशमासारखा लागला.

"हा नळाचा गाळ नाही," ती म्हणाली. "ही गंगेची माती आहे."

दाराशी नाना उभे होते. ओलं धोतर खांद्यावर, हातात भरलेला तांब्या.

"मीच घालतो," ते म्हणाले. "रोज स्नानाहून येताना. तू म्हणाली होतीस ना, पाणी बघा म्हणून. घरात जे चालतं त्याला नळाचं कशाला?" मग डबीकडे पाहून त्यांचा आवाज खाली आला. "बिघडलं का गं माझ्यामुळे?"

सत्तरी ओलांडलेले नाना घाटाच्या त्या पायऱ्या आपल्या खेळासाठी तांब्या घेऊन चढत होते, आणि आपण त्यांना नाराज समजत होतो!

"बिघडलं काही नाही, नाना. वाट अरुंद आहे, गाळ अडतो. धुतलं की झालं."

"मग कुठलं पाणी घालायचं?"

"इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ना, ते. त्यात काहीच नसतं."

"काहीच नसलेलं पाणी!" नाना हसले. "बरं, तेही आणून देईन."

डबी चिंचेच्या कोळानं घासून लखलखीत केली, पाण्याच्या धारेनं वाट मोकळी केली, नळ्या धुतल्या आणि बादलीवर झाकण बसवलं. बॅटरीचं पाणी भरून मशीन लावलं तेव्हा डबी कोमट होती आणि रेडिएटरही कोमट. आकडा पंचावन्नच्या आसपास येऊन टेकला. त्या दुपारी विमान अलगद उतरलं आणि प्रसन्ननं टाळ्या वाजवल्या.

नाना खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले.

"हे कुठेही जातं?"

"कुठेही."

"मग कोकणात ने. आपलं मूळ गाव गुहागरकडे. मी काही पाहिलेलं नाही."

"नाना, यात गावं दिसत नाहीत हं. नुसती हिरवी जमीन आणि निळं पाणी."

"चालेल की."

तिनं विमान मुंबईहून उडवलं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेला वळवलं. डावीकडे हिरवं, उजवीकडे निळं सरकत राहिलं. नाना पडद्याजवळ सरकले. मग चष्मा पुसून म्हणाले, "जरा खालून घे. समुद्र नीट दिसू दे."

सुमेधानं विमान खाली घेतलं. बाहेर लू घोंघावत होती. प्रसन्न सरबत करायला आत गेला.