तारीख आणि चांद

समुद्राची शप्पथ, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. एखादं सोडून. एकोणीसशे तीसच्या आगेमागे श्रीवर्धनच्या वाचनालयात रोज बसणाऱ्या आम्हा चौघांकडे किस्से साठायचे ते दारातल्या फळ्यामुळे. निवृत्त हेडमास्तर नाना त्यावर रोज ‘आजच्या दिवशी’ लिहीत: कुणी कुठलं यंत्र काढलं, कुठला शास्त्रज्ञ गेला, कुठे पहिलं नाटक झालं.

*

एकदा तारायंत्रवाल्या कुणा साहेबाचा मृत्यू लिहिला. आमचे भटजी अडून बसले.

"नाना, ही तारीख झाली. तिथी कुठली?"

"विलायतेत तिथी नसते."

"मग मेला कसा तो?"

*

छापील पुराव्याशिवाय नाना खडू उचलत नसत. सुपारीवाले दामूशेठ धावत आले. "नाना, नातू झाला! लिहा!"

"पुरावा?"

"बाळंतीण आणून उभी करू?"

नाही म्हणजे नाहीच लिहिलं!

*

मी म्हटलं, "आजच्या दिवशी नारळ सोलायचं यंत्र निघालं."

"कुठल्या पुस्तकात?"

"ते वाळवीनं खाल्लं."

नानांनी शांतपणे लिहिलं: ‘आजच्या दिवशी काहीही घडले नाही.’

*

खतीजाबीचा मुलगा इसाक आगबोटीवर खलाशी होता. बोट बुडाली, कुणी वाचलं नाही, एवढंच पत्र आलं. कधी बुडाली, ते त्यात नव्हतं. वर्ष होत आलं तशी ती वाचनालयात आली. आम्ही सगळे उठून उभे राहिलो.

"मास्तर, तुमाला समद्यांचे दिवस ठावे. माज्या इसाकचा दिवस कंचा? वर्साची फातिहा कवा देऊ?"

नानांनी खडू खाली ठेवला. मीच पुढे झालो. "बी, इसाकच्या बोटीमागून येणाऱ्या बोटीवरचा एक जण मला मुंबईत भेटला होता. त्यानं बुडताना पाहिली." आणि तारीख सांगून टाकली.

"चांद कंचा व्हता?"

"सफरचा विसावा," मी मुसलमानी महिन्यातला दिवस दडपून दिला.

 ती नानांकडे वळली. "मास्तर, ह्याच्या थापा गावाला ठाव्या. तुमी सांगा."

नानांनी कपाटातून मुसलमानी चांदही छापलेलं गेल्या सालचं पंचांग काढलं. पान शोधलं, ओळीवर बोट ठेवलं. बराच वेळ वर बघितलंच नाही.

"एकविसावा," ते म्हणाले. "याच्या ध्यानात राहत नाही."

"एकवीस," खतीजाबी म्हणाली. पदरानं डोळे पुसून पुन्हा म्हणाली, "एकवीस." आणि गेली.

आता शपथ घेतली आहे तर सांगतो. तो मुंबईतला माणूस मी बनवला. तारीखही मीच बनवली. चांद मात्र खरा; त्या तारखेचा म्हणून तो नानांनी पंचांगात बघून दिला.